मागे राहिलेली नळी

शहराजवळ डोंगर असला की शहराच्या सुट्ट्या त्या डोंगरावर जातात. पुण्याच्या माणसाला रविवारी सकाळी सिंहगड आठवतो, साताऱ्याच्या माणसाला अजिंक्यतारा. कोणी व्यायामासाठी जातो, कोणी वाऱ्यासाठी, तर कोणी केवळ पिठलं-भाकरी आणि मडक्यातल्या दह्यासाठी. शाळेची सहलही बहुधा तिथेच जाते. गाणी होतात, भेंड्या होतात, इतिहासाचे शिक्षक बुरूज आणि टाकी दाखवतात. विज्ञानाच्या शिक्षकांकडे मात्र डबे वाटण्याचे आणि मुले मोजण्याचे काम येते.

या लेखात आम्ही अशाच एका सहलीची हकिगत सांगणार आहोत. ती फ्रान्समधल्या एका डोंगराळ शहरातून निघाली. तारीख १९ सप्टेंबर १६४८, वार शनिवार, वेळ सकाळी आठची. पाठ्यपुस्तकात ती एखाद्या ओळीत उरकलेली असते : पास्कालने पर्वतावर पारा नेला आणि उंचीबरोबर हवेचा दाब कमी होतो हे दाखवून दिले. या एका ओळीत दोन गोष्टी निसटतात. पहिली ही की पास्काल त्या सहलीत नव्हताच. दुसरी ही की त्या दिवशी पाऱ्याची एक नळी डोंगरावर गेली आणि एक गावातच राहिली. गावात राहिलेल्या नळीचे महत्त्व आम्ही पुस्तकात वाचले होते. ते पटले मात्र आमची स्वतःची एक सहल फसल्यावर. ती गोष्ट पुढे येईलच.

शहर आणि त्याचा डोंगर

मध्य फ्रान्समध्ये ओव्हेर्न्य नावाचा डोंगराळ प्रदेश आहे. क्लेरमाँ-फेराँ हे तिथले मुख्य शहर. शहराच्या पश्चिमेला सुमारे ऐंशी लहानमोठ्या ज्वालामुखी टेकड्यांची उत्तर-दक्षिण ओळ आहे. त्यांतला सर्वांत उंच डोंगर म्हणजे प्वी द दोम. त्याची उंची समुद्रसपाटीपासून १४६५ मीटर असून शहरापासून तो जेमतेम दहा किलोमीटरवर आहे. शहरातले प्रसिद्ध कॅथेड्रल जवळच्या व्होल्व्हिक गावच्या काळसर दगडात बांधलेले आहे. हा दगड म्हणजे थिजलेला लाव्हाच. आपल्याकडची काळ्या दगडाची देवळे पाहिलेल्या माणसाला ही इमारत फारशी परकी वाटू नये. फरक आहे तो वयाचा. दख्खनचा लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, तर प्वी द दोम अवघ्या अकरा हजार वर्षांपूर्वीचा. गंमत म्हणजे हे डोंगर ज्वालामुखी आहेत हे १७५१ सालापर्यंत कोणाच्या ध्यानात आले नव्हते. त्या वर्षी गेतार या निसर्गशास्त्रज्ञाने ते ओळखले. म्हणजे आपल्या गोष्टीतली मंडळी ज्वालामुखी चढत होती आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता.

आज हा डोंगर म्हणजे शहराचे मोकळे अंगणच आहे. जुन्या खेचरवाटेने चालणारा माणूस पाऊणएक तासात माथा गाठतो. चालायचे नसेल तर २०१२ पासून दातेरी रुळांची गाडी आहे. माथ्यावरून रंगीत छत्र्यांच्या आधाराने हवेत तरंगत उतरणारे हौशी लोक आहेत. सायकलशौकिनांना हा डोंगर १९६४ सालच्या ‘तूर द फ्रान्स’ शर्यतीमुळे ठाऊक आहे. त्या वर्षी आंकेतिल आणि पुलिदोर हे दोघे प्रतिस्पर्धी या चढावर खांद्याला खांदा लावून झुंजले होते. २०१८ साली ही सारी ज्वालामुखींची रांग युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेली.

पण या डोंगरावरची सर्वांत नावाजलेली चढाई यांपैकी कोणतीच नाही.

दहा मीटरचे कोडे

विहिरीतून पाणी ओढणारा पंप कितीही चांगला केला तरी पाणी सुमारे दहा मीटरच्या वर चढवत नाही. सतराव्या शतकातल्या इटलीतल्या कारागिरांना हे अनुभवाने माहीत होते. गॅलिलिओने १६३८ च्या आपल्या ग्रंथात त्याची चर्चा केली आहे. पाणी मुळात चढतेच का, याला तेव्हा एक ठरीव उत्तर होते. निसर्गाला पोकळी सहन होत नाही, म्हणून पंपाने हवा काढली की तिची जागा घ्यायला पाणी धावते. मग दहा मीटरपर्यंतच निसर्गाला पोकळीचा तिटकारा आणि त्यापुढे नाही, हे कसे?

गॅलिलिओचा शिष्य तोरिचेल्ली याने पाण्याऐवजी पारा घ्यायचे ठरवले. पारा पाण्याच्या साडेतेरा पट जड, म्हणून दहा मीटरचे काम पाऊण मीटरमध्ये होते. एका टोकाला बंद असलेली काचेची नळी पाऱ्याने काठोकाठ भरायची, तोंड बोटाने दाबून ती पाऱ्याच्या भांड्यात उलटी धरायची आणि बोट काढायचे. पारा थोडा खाली येतो आणि सुमारे ७६ सेंटिमीटरवर थांबतो. वर रिकामी जागा राहते. जून १६४४ मधल्या एका पत्रात तोरिचेल्लीने याचे कारण मांडले : आपण हवेच्या समुद्राच्या तळाशी राहतो. या समुद्राचे वजन भांड्यातल्या पाऱ्यावर पडते आणि तेच नळीतला पारा पेलून धरते. नळीच्या आत कसलीही ओढ नाही, जो काही रेटा आहे तो बाहेरून आहे.

आज हे आपण आठवी-नववीच्या मुलांना सहज सांगतो. त्या काळी मात्र ते नुसते एक मत होते, आणि विरुद्ध मतही त्याच प्रयोगाचा अर्थ आपल्या परीने लावू शकत होते. निसर्गाला पोकळीचा तिटकारा आहे, पण त्या तिटकाऱ्याला ७६ सेंटिमीटरांची मर्यादा आहे, असे कोणी म्हटले तर त्याला खोटे कसे पाडायचे?

पर्वतच का?

ब्लेझ पास्काल याचा जन्म १६२३ साली याच क्लेरमाँ शहरात झाला. तो आठ वर्षांचा असताना कुटुंब पॅरिसला गेले. तोरिचेल्लीच्या प्रयोगाची वार्ता मेर्सेन या विद्वान धर्मगुरूमार्फत फ्रान्समध्ये पोहोचली होती. १६४६ मध्ये रुआँ शहरात पास्कालने तो प्रयोग करून पाहिला. तिथे काचेचे कारखाने चांगले होते, त्यामुळे त्याला हव्या तशा नळ्या मिळत. पुढे तर त्याने ४६ फूट लांबीच्या काचनळ्या उभारून पाणी आणि तांबडी वाइन यांवरही प्रयोग केले.

पास्कालला हवा होता तो दोन्ही मतांत निवाडा करणारा प्रयोग. त्याचा युक्तिवाद साधा होता. पारा जर हवेच्या वजनाने तोलला जात असेल, तर उंच पर्वतावर, जिथे वर हवा कमी उरते तिथे, तो कमी उंचीवर थांबला पाहिजे. निसर्गाचा तिटकारा हेच कारण असेल, तर पारा सगळीकडे सारखाच राहिला पाहिजे. निसर्गाला पायथ्याशी पोकळीचा राग जास्त आणि शिखरावर कमी, असे तर कोणी म्हणणार नाही!

पण पॅरिस सपाट प्रदेशात. पर्वत होता तो जन्मगावी, आणि तिथे बहीण जिल्बर्त व तिचा नवरा फ्लोरँ पेरिए राहत. पेरिए त्या प्रांताच्या करविषयक न्यायालयात अधिकारी होता. नोव्हेंबर १६४७ मध्ये पास्कालने त्याला पत्र लिहून हे काम सोपवले. (छापलेल्या पत्रावर ही तारीख आहे, ती खरी की मागाहून घातलेली, यावर विसाव्या शतकात इतिहासकारांत बराच वाद झाला.) सरकारी कामे, डोंगरावरचा बर्फ आणि धुके यांमुळे पेरिएला दहा महिने मुहूर्त मिळाला नाही. दरम्यान, ज्याच्यामुळे ही सारी चर्चा फ्रान्समध्ये सुरू झाली तो मेर्सेन १ सप्टेंबर १६४८ रोजी वारला. निकाल ऐकायला तो अठरा दिवसांनी कमी पडला.

बागेतून शिखराकडे

१९ सप्टेंबरच्या पहाटे हवेचा भरवसा वाटत नव्हता. पाचच्या सुमारास मात्र प्वी द दोमचा माथा दिसू लागला आणि पेरिएने जायचे ठरवले. निरोप गेले. आठ वाजता मंडळी ‘मिनिम’ पंथाच्या मठाच्या बागेत जमली. ही जागा मुद्दाम निवडली होती, कारण शहरात ती सर्वांत सखल होती. जमलेल्यांमध्ये मठातले फादर बानिए, कॅथेड्रलमधले फादर मोनिए, ला व्हिल आणि बेगाँ हे पेरिएचे न्यायालयातले सहकारी, आणि ला पोर्त नावाचे एक वैद्य होते. दोन धर्मगुरू, तीन न्यायालयीन अधिकारी, एक डॉक्टर. पदार्थविज्ञान हा व्यवसाय असलेला यांत एकही नाही.

पेरिएने आदल्या तीन दिवसांत १६ पौंड पारा शुद्ध करून ठेवला होता. तो फ्रेंच पौंड जवळजवळ अर्ध्या किलोचा, म्हणजे पारा भरला पावणेआठ-आठ किलो. ऐकायला हे खूप वाटते, पण मापाने तो अर्ध्या लिटरहून थोडाच जास्त! सोबत सारख्या जाडीच्या, चार फूट लांबीच्या, एका टोकाला बंद असलेल्या दोन काचनळ्या होत्या.

पेरिएने दोन्ही नळ्या एकाच भांड्यात शेजारी-शेजारी उभ्या केल्या. दोन्हींत पारा अगदी एका पातळीवर थांबला : २६ इंच आणि साडेतीन रेघा. (हा जुना फ्रेंच इंच, सुमारे २७ मिलिमीटरचा. त्याच्या बाराव्या भागाला ते लोक ‘रेघ’ म्हणत. आजच्या मापाने ही उंची ७१२ मिलिमीटर.) नळ्या रिकाम्या करून, पुन्हा भरून त्याने हे दोनदा पडताळले. मग एक नळी तिथेच पक्की बसवली, तिच्या काचेवर पाऱ्याच्या पातळीची खूण केली आणि मठातल्या फादर शास्तँ यांना विनंती केली, की दिवसभर अधूनमधून पाहत राहा, पारा हलतो का ते.

दुसरी नळी आणि थोडा पारा घेऊन बाकीचे निघाले. माथ्यावर पोहोचल्यावर तोच प्रयोग त्याच रीतीने केला. पारा थांबला २३ इंच २ रेघांवर, म्हणजे सुमारे ६२७ मिलिमीटरवर. बागेतल्यापेक्षा ३ इंच दीड रेघ कमी; आजचे ८५ मिलिमीटर. पेरिएने लिहिले आहे की सारे जण आश्चर्याने थक्क झाले आणि स्वतःच्या समाधानासाठी त्यांनी प्रयोग पुन्हा करायचे ठरवले. माथ्यावरच्या छोट्या देवळात, उघड्यावर, आडोशाला, वाऱ्यात, ऊन असताना, पाऊस आणि धुके आले तेव्हा, असा एकूण पाच वेळा त्यांनी तो केला. आकडा तोच.

उतरताना वाटेत लाफाँ द लार्ब्र नावाच्या ठिकाणी पुन्हा नळी उभारली. पारा २५ इंचांवर, म्हणजे शिखर आणि बाग यांच्या मधोमध कुठेतरी. इथे आपण क्षणभर थांबून पेरिएला दाद दिली पाहिजे. दोन टोकांचे आकडे मिळाल्यावर काम झाले असे न मानता त्याने मधला बिंदूही घेतला. फरक एकदम पडत नाही, हळूहळू पडत जातो, हे त्यामुळे दिसले. दुसऱ्या दिवशी एका धर्मगुरूच्या सूचनेवरून तो कॅथेड्रलच्या मनोऱ्यावरही चढला. तिथे पारा बागेतल्यापेक्षा सुमारे अडीच रेघा खाली होता. पुढे पॅरिसमध्ये पास्कालने सँ-जाक मनोऱ्यावर आणि नव्वद पायऱ्यांच्या एका घरातही तसाच फरक मोजला.

पारा आणि नजर

या आकड्यांवर किती विश्वास ठेवायचा? पाच वेळा नळी भरून पाचही वेळा अर्ध्या रेघेचाही फरक नाही, हे आम्हाला प्रयोगशाळेतल्या अनुभवावरून थोडे खटकते. नळीत हवेचा एखादा बुडबुडा राहिला तरी पारा खाली येतो. विद्यार्थ्याच्या वहीत असे एकसारखे आकडे दिसले तर आपण त्याला दोन प्रश्न विचारूच. पण आकडे तपासायचा दुसरा मार्ग आहे. चढ अंदाजे ५०० ‘त्वाझ’, म्हणजे सुमारे ९७५ मीटर असावा, असे पेरिएने म्हटले आहे. हा नजरेचा अंदाज होता. आता पाऱ्याला विचारून पाहू. उंचीचा फरक काढायचे सोपे सूत्र असे :

उंची (मीटर) = १८४०० × लॉग (खालचा दाब ÷ वरचा दाब) × (१ + त ÷ २७३)

यात लॉग दहाच्या पायाचा, आणि ‘त’ म्हणजे दोन्ही ठिकाणच्या तापमानांची सरासरी, अंश सेल्सिअसमध्ये. तापमान १२ अंश धरून ७१२ आणि ६२७ हे आकडे घातले की उत्तर येते सुमारे १०६० मीटर. आजच्या नकाशात माथा १४६५ मीटरवर आणि जुने शहर ४०० मीटरच्या आसपास आहे. वजाबाकी करा : पारा बरोबर होता, डोळा शंभरएक मीटरने चुकला होता. आकडे कदाचित थोडे गुळगुळीत केले असतील, पण प्रयोग खरा होता.

फादर शास्तँ यांचे उत्तर

संध्याकाळी मंडळी बागेत परतली. फादर शास्तँ यांनी सांगितले की दिवसभरात हवा कधी निवळली, कधी पाऊस आला, कधी धुके, कधी वारा. पण पारा खुणेपासून हलला नाही. पेरिएने शिखरावर नेलेली नळी पुन्हा तिथे उभी केली. २६ इंच साडेतीन रेघा.

आता कल्पना करा की बागेत नळी ठेवलीच नव्हती. एखाद्या शंकेखोराने विचारले असते, “कशावरून हा पर्वताचा परिणाम? हवा दिवसभर बदलत होती असे तुम्हीच सांगता. दुपारी खाली गावातही पारा उतरला असेल!” याला उत्तर देता आले नसते. पारा एकाच जागी दिवसागणिक कमीजास्त होतो हे तेव्हा नीट कोणाला माहीत नव्हते. आज आपण जाणतो की हवामान बिघडले तर एका जागीही तो दिवसभरात दहा-वीस मिलिमीटर सहज उतरतो. पर्वतावर गेलेल्या नळीने फरक दाखवला. तो फरक उंचीचाच आहे हे बागेतल्या नळीमुळे म्हणता आले.

आमची फसलेली सहल

काही वर्षांपूर्वी डिसेंबरात आम्ही अकरावीच्या काही विद्यार्थ्यांना घेऊन सिंहगडावर गेलो होतो. सोबत निर्द्रव वायुभारमापक, म्हणजे पारा नसलेला तबकडीचा दाबमापक होता. गडाची पायथ्यापासूनची उंची दाबावरून काढायची असा बेत. निघताना एका विद्यार्थिनीला, तिला दमा असल्यामुळे, आम्ही सांगितले होते, “तू नको येऊस, तुला चढवणार नाही. तुला वही दाखवू.” तिने काही म्हटले नाही.

सकाळी दहाला पायथ्याशी दाब ९३२ हेक्टोपास्कल भरला (हा जुन्या पुस्तकांतला मिलिबार). दुपारी एकला गडावर ८७२. तिथे गणित करून मुलांनी चढ काढला : ५७५ मीटर. टाळ्या झाल्या. चारच्या सुमारास खाली आलो तर पायथ्याशी दाब होता ९२८. पुन्हा गणित केले, आता उत्तर आले ५३७. एक मुलगा म्हणाला, “सर, जाताना गड उंच आणि येताना बुटका कसा?” हवा दिवसभर निरभ्र होती, वाराही नव्हता. उपकरण बिघडले असेल, असे आम्ही म्हणालो आणि बसमध्ये बसलो.

उपकरण ठीक होते. विसर पडला होता तो आम्हालाच. उष्ण कटिबंधात हवेच्या दाबाला रोज दोनदा भरती-ओहोटी येते. सूर्याच्या उष्णतेने वातावरणाच्या वरच्या थरांत हेलकावे उठतात. त्यांचा हा परिणाम. सकाळी नऊ-दहाच्या सुमारास दाब सर्वांत जास्त, दुपारी चार-पाचला सर्वांत कमी, रात्री दहाच्या आसपास पुन्हा जास्त आणि पहाटे पुन्हा कमी. आपल्याकडे दिवसाचा हा फरक तीन-चार हेक्टोपास्कल असतो. दख्खनच्या पठारावर एवढा फरक म्हणजे उंचीत तीस-चाळीस मीटर. क्लेरमाँच्या अक्षांशावर ही भरती-ओहोटी फार क्षीण असते. म्हणून फादर शास्तँ यांना पारा हललेला दिसला नाही. पेरिएचे शहर पुणे असते तर त्यांना तो स्पष्ट उतरलेला दिसला असता!

लाज वाटावी अशी गोष्ट ही की हे सारे आपल्याच मातीवर मोजले गेले होते. कर्नल विल्यम साइक्स हा १८२० च्या दशकात मुंबई सरकारचा सांख्यिकी अधिकारी म्हणून दख्खनभर हिंडत होता. त्याने वायुभारमापकाच्या नोंदी वर्षानुवर्षे ठेवल्या, आणि १८३५ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात दख्खनमधल्या वातावरणाच्या भरती-ओहोटीवर दीर्घ निबंध छापला.

मागे राहिलेल्या नळीचे वंशज

पेरिए त्या एका शनिवारवर थांबला नाही. १६४९ ते १६५१ ही तीन वर्षे त्याने क्लेरमाँमध्ये पाऱ्याची पातळी रोजच्या रोज नोंदवली. त्याच काळात पॅरिसमध्ये आणि दूर स्टॉकहोममध्येही नोंदी घेतल्या जात होत्या. स्टॉकहोमला नोंदी घेणाऱ्यांत फ्रान्सचा राजदूत शान्यू आणि खुद्द देकार्त होते. पर्वताची कल्पना मुळात आपली, असा देकार्तचा दावा होता. ते काही असो. फेब्रुवारी १६५० मध्ये तो स्टॉकहोमलाच वारला. वेगवेगळ्या शहरांत एकाच वेळी दाब पाहायचा आणि आकडे ताडून बघायचे, ही हवामानशास्त्राची मूळ रीत. ती शिखरावर गेलेल्या नळीपेक्षा बागेत राहिलेल्या नळीतून निघाली, असे म्हटले तर चूक होणार नाही.

पुढे १८७६ साली आल्युआर या क्लेरमाँच्या पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापकाच्या खटपटीने प्वी द दोमच्या माथ्यावर हवामान-वेधशाळा सुरू झाली. तिच्या बांधकामात जमिनीखाली एका रोमनकालीन मंदिराचे अवशेष सापडले. मंदिर होते मर्क्युरी देवाचे, ज्याच्या नावाने युरोपात पारा ओळखला जातो! आल्युआरने शिखरावरच्या वेधशाळेबरोबर खाली शहरातही एक ठाणे उभारले आणि दोन्ही तारायंत्राने जोडली. एक वर, एक खाली, पेरिएचीच मांडणी. आपल्याकडेही भारतीय हवामान खात्याचे मुख्यालय १९२८ साली शिमल्याहून पुण्याला आले. पुण्यातल्या त्या इमारतीला लोक अजून ‘शिमला ऑफिस’ म्हणतात. तिथला नकाशाही असंख्य ठिकाणी एकाच ठरलेल्या वेळी वाचलेल्या आकड्यांवर उभा असे. दाबाच्या आंतरराष्ट्रीय एककाला १९७१ साली पास्कालचे नाव मिळाले. शास्तँ यांच्या नावाचे एकक नाही.

शाळेला काय करता येईल

पाऱ्याचा प्रयोग शाळेत मुळीच करू नये. त्याची वाफ विषारी असते. हल्ली काही मोबाइल फोनांत दाबाचा संवेदक असतो आणि तो एक-दोन मीटरच्या चढउतारानेही बदल दाखवतो. असे दोन फोन मिळाले की काम झाले. निघण्यापूर्वी दोन्ही शेजारी ठेवून वाचा. आकडे सारखे नसतील तर फरक लिहून ठेवा. परतल्यावर पुन्हा तसेच करा. पेरिएनेही हेच केले होते. एक गट वर जाईल. दुसरा गट पायथ्याशी सावलीत बसून दर पंधरा मिनिटांनी दाब, तापमान आणि वेळ लिहील. गणित करताना वरच्या प्रत्येक आकड्याशी त्याच वेळचा खालचा आकडा जोडायचा.

फोन नसेल तर एक लिटरची टणक प्लास्टिकची बाटली घ्या. माथ्यावर थोडा वेळ उघडी ठेवून झाकण घट्ट लावा. पायथ्याशी ती चेपलेली दिसेल. बादलीभर पाण्यात तोंड खाली करून बुडवा आणि पाण्याखालीच झाकण उघडा. पाणी आत शिरेल. आतली-बाहेरची पातळी सारखी करून झाकण लावा आणि आत आलेले पाणी मोजा. सिंहगडाएवढ्या चढाला ते साधारण ५० ते ६० मिलिलिटर भरायला हवे. खाली हवा जास्त उबदार असेल तर आकडा थोडा कमी येईल. का, हे मुलांना विचारा.

आम्ही पुढच्या वर्षी पुन्हा सिंहगडावर गेलो. या वेळी ती विद्यार्थिनी सोबत होती. गडावर नाही, पायथ्याच्या चहाच्या टपरीजवळ एका बाकावर, दुसरा दाबमापक, घड्याळ आणि वही घेऊन, तिची एक मैत्रीण सोबतीला. दहापासून चारपर्यंत तिने पंचवीस नोंदी घेतल्या. संध्याकाळी त्या आलेखावर मांडल्या तेव्हा दाब सकाळपासून दुपारपर्यंत सावकाश उतरत गेलेला दिसला, साइक्सने लिहिला होता तसाच. गडावर दुपारी एकला घेतलेल्या आकड्याशी तिच्या वहीतला एकचा आकडा जोडला, आणि उत्तर आले ५५६ मीटर. आदल्या वर्षीच्या दोन उत्तरांच्या बरोबर मध्ये. वर गेलेल्या सगळ्यांनी आपापल्या वह्यांत तिचा तक्ता उतरवून घेतला, कारण त्याशिवाय कोणाचेच गणित पुरे होत नव्हते.